आपली पोथी, आपला छापखाना

रोहेकर, पेणकर ही आडनावं ऐकली की आपल्याला गावं आठवतात. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या घरांतही ती आहेत. घाण्यावर तेल काढणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसं, म्हणून कुलाबा जिल्ह्यात (आजच्या रायगडात) त्यांना शनिवार तेली म्हणत.

लहान समाजाला आपला धर्म आणि इतिहास स्वतःच लिहावा, छापावा लागतो. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांनी सतराव्या शतकापासून तेच केलं. पुरोहित नाही, मग छापील पुस्तिकाच त्यांचा विचार घरोघर नेत.

आपल्याकडे बेने इस्राएलांसाठी 1846 साली मुंबईत शिळाप्रेसवर हग्गादा छापली गेली. वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचायची ही पोथी, हिब्रूच्या जोडीला मराठी भाषांतर! 1874 च्या पुण्याच्या आवृत्तीत तर चित्रं आहेत: लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेची कथा, आणि स्वयंपाकघर मात्र आपलं. मला हे चित्र फार मोलाचं वाटतं.

पोथीसारखाच इतिहासही समाजातूनच लिहिला गेला: हाईम सॅम्युएल केहीमकरांनी बेने इस्राएल समाजाचा इतिहास 1897 मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षं! तोवर लेखक हयात नव्हते.

रोहा-पेण परिसरात कुणाच्या माळ्यावर अशी जुनी पोथी असेल, तर ती रद्दीत घालू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळा, ओलीपासून जपा आणि जाणकाराला दाखवा.