मैदानही सेवेचे शेत आहे

(वार्षिक सहभागिता मेळाव्यात केलेले भाषण)



सातपुड्यातील आपल्या वसतिगृहात मी मुलामुलींचे खेळ पाहतो. मंडळ्यांना भेटी देताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "सुवार्तेसाठी दिलेला पैसा कबड्डीच्या मैदानावर का खर्च करायचा?" प्रश्न रास्त आहे. देणगी देणारी माणसे पोटाला चिमटा काढून देतात. म्हणून आज त्याचे उत्तर देतो.

पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र आठवा. नवव्या अध्यायात तो धावणाऱ्याचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला घेतो. करिंथजवळच इस्थमियन स्पर्धा भरत. लोक जे डोळ्यांनी पाहत होते, त्यातूनच तो बोलला. तीमथ्याला लिहिताना मात्र त्याने शरीराच्या कसरतीपेक्षा सुभक्तीला वरचे स्थान दिले. खेळ हा देव नव्हे, पण तो तुच्छही नव्हे. एवढे भान ठेवून पुढे बोलतो.

बास्केटबॉल १८९१ मध्ये अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी सुरू केला, तर व्हॉलीबॉल १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी. दोघेही वायएमसीएचे कार्यकर्ते. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले आणि तेथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. आज गावोगावच्या शाळेत व्हॉलीबॉलची जाळी बांधली जाते. ती बांधताना कोणी कोणाचा धर्म विचारत नाही. ख्रिस्ती सेवकांनी जगाला दिलेली ही देणगी अटीशिवाय दिली गेली, म्हणूनच ती सर्वांची झाली.

आता आपल्या देशातील एका आदिवासी बंधूविषयी सांगतो. जयपाल सिंह मुंडा यांचा जन्म १९०३ मध्ये खुंटीजवळच्या टकरा गावी झाला. रांचीच्या सेंट पॉल्स शाळेत ते शिकले. मिशनऱ्यांनी त्यांना इंग्लंडला नेले. ऑक्सफर्डला त्यांनी हॉकीत नाव मिळवले आणि १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ते भारतीय संघाचे कर्णधार होते. मतभेदामुळे ते अंतिम सामन्यात खेळले नाहीत. पण त्या स्पर्धेत भारताने २९ गोल केले, एकही स्वीकारला नाही आणि पहिले सुवर्णपदक जिंकले.

आपल्यासाठी महत्त्वाचे आहे ते त्यापुढचे. हा माणूस साहेब होऊन राहिला नाही. १९३९ मध्ये त्याने आदिवासी महासभेचे अध्यक्षपद घेतले. संविधान सभेत तो आदिवासींचा आवाज झाला आणि आपल्या लोकांना 'आदिवासी' याच नावाने ओळखावे, असा आग्रह त्याने धरला. मिशनने त्याला शाळा दिली, मैदान दिले. त्याने ते सर्व आपल्या माणसांच्या पायाशी ठेवले. त्याच मुलखातल्या सिमडेगाच्या सलीमा टेटे २०२४ मध्ये भारतीय महिला हॉकी संघाच्या कर्णधार झाल्या. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. पाड्यावरच्या मुलीला पाय कशासाठी दिलेत, हे त्यांनी दाखवून दिले.

पण बंधुभगिनींनो, सगळीच मुले पदके आणणार नाहीत. शंभरातली नव्व्याण्णव आणणार नाहीत. मग त्यांच्यासाठी मैदान कशाला?

आपल्या भागात दिवाळी झाली की कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोयत्याबरोबर मुलेही जातात आणि शाळा तिथेच सुटते. ज्या मुलाचे नाव संघात असते, तो मात्र बापाला म्हणतो, "मी थांबतो, माझी मॅच आहे." अभ्यासासाठी थांबतो असे तो म्हणणार नाही. पण खेळासाठी थांबला की वर्गातही बसतो. मुलींचे तर अधिकच. पंधरा-सोळा वर्षांची झाली की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. चढाईला जाऊन तीन गडी बाद करून आलेली मुलगी घरी आईला "एवढ्यात नको" असे सांगू शकते. ते धैर्य आम्ही तिला भाषणातून दिलेले नाही. मैदानाने दिले.

आता थोडे अवघड बोलतो. काहींना वाटते, चेंडू द्यावा आणि त्याबरोबर नाव नोंदवून घ्यावे. उपासनेला येईल त्यालाच बूट मिळावेत. मी नम्रपणे सांगतो, असे होऊ नये. प्रभू येशूने दहा कुष्ठरोगी शुद्ध केले. आभार मानायला एकच परत आला. प्रभूने बाकीच्या नऊ जणांविषयी विचारले, त्याला वाईट वाटले, पण त्यांचे बरे होणे त्याने परत घेतले नाही. आपली देणगीही तशीच असली पाहिजे. बुटांच्या आशेने घेतलेला विश्वास बूट फाटेपर्यंतच टिकतो. शिवाय गरिबाच्या गरजेवर सौदा करणे हा त्याचा अपमान आहे. आमच्या संघांत ख्रिस्ती मुले आहेत, तशी देवमोगरा मातेला मानणाऱ्या घरची मुलेही आहेत. सर्वांना एकच पंगत, एकच नियम.

मग साक्ष कुठे राहिली, असे कोणी विचारेल. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेण्यात, पंचाला न दिसलेला स्पर्श स्वतःहून कबूल करण्यात, मुलावर हात न उगारणाऱ्या प्रशिक्षकात ती आहे. हे पाहून एखादा मूल विचारतो, "सर, तुम्ही असे का वागता?" तेव्हा मी मोकळेपणाने प्रभूचे नाव सांगतो. विचारल्यावर सांगायला मला संकोच नाही. न विचारता लादायचा मला अधिकार नाही.

शेवटी आपल्यापुढे चार गरजा ठेवतो. मुलींसाठी एक महिला प्रशिक्षक हवी. सरावानंतर मुलांच्या पोटात अंडे आणि शेंगदाणे-गूळ जायला हवा, कारण उपाशी पोटी व्यायाम म्हणजे मुलाची हानी. संध्याकाळी अभ्यास घेणारा एक शिक्षक हवा, नाहीतर "आदिवासी पोरे पळण्यातच हुशार" असे म्हणणाऱ्यांचे आपण खरे करू. आणि आपल्यापैकी काहींनी सामन्यांना यावे, बांधावर बसून टाळ्या वाजवाव्यात. या मुलांसाठी आजवर फार थोड्यांनी टाळ्या वाजवल्या आहेत.

आपल्या प्रार्थनेत मुलांची आठवण ठेवा. पदकांसाठी नव्हे, तर या दिवाळीनंतर त्यांतील एकही मूल वर्गातून कमी होऊ नये म्हणून. प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो. आमेन.