चोरिसाची माळ
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत केलेलें भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक मला मिळाली आणि मीं चोरीस निवडला, हें ऐकून कांहीं मंडळींना हसूं आलें. येवो बापडें. ज्यांचें मूळ गोमंतकांत आहे अशीं बरींच कुटुंबें या सभागृहांत आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाला आपल्याच घरचा चोरीस खरा व शेजाऱ्याचा जरा कमी खरा वाटत आलेला आहे. अशा विषयावर भांडण होऊं शकतें. म्हणजे तो बोलण्याजोगा खास आहे.

पोर्तुगालमध्यें डुक्कर मारण्याचे दिवस थंडीचे. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनाचा सण येतो, आणि प्रत्येक डुकराचा संत मार्टिन कधीं तरी येतोच, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. तेथें मांसाला द्राक्षाची दारू, लसूण व मीठ लावीत आणि भरलेलीं आंतडीं धुरावर टांगीत. १५१० सालीं गोवा पोर्तुगिजांच्या हातीं आल्यावर ही कृति आपल्याकडे आली. परंतु द्राक्षें आलीं नाहींत, आणि थंडीही आली नाहीं! मग द्राक्षाच्या दारूची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या सिरक्यानें घेतली आणि अमेरिकेहून आलेल्या मिरचीनें रंग दिला. दारू-लसणीच्या त्याच मुरवणीचें पोर्तुगीज नांव झिजतां झिजतां ‘विंदालू’ झालें. त्यांत बटाटा शोधणाऱ्यांनीं तो खुशाल शोधावा.

आपल्या दमट हवेंत मांस टिकतें कसें, हें मला लहानपणीं गूढ वाटे. त्यांत गूढ कांहीं नाहीं. मीठ मांसांतील पाणी ओढून घेतें, वर ठेवलेलें वजन तें पिळून काढतें, सिरक्याच्या आंबटपणापुढें कुजविणाऱ्या जंतूंचें फारसें चालत नाहीं, आणि उरलेलें काम ऊन व चुलीचा धूर करितात. यांतील एकाचीही हयगय चालत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील वुर्टेंबर्ग प्रांतांत नीट न केलेले असले मांसाचे पदार्थ खाऊन माणसें दगावत. युस्टिनुस केर्नर या वैद्यानें, जो कवीही होता, त्या विषाचा अभ्यास केला. पुढें त्या रोगाला नांवच असल्या पदार्थाच्या लॅटिन नांवावरून ‘बोट्युलिझम’ असें पडलें. म्हणून तरुण भगिनींना माझें सांगणें आहे कीं, हात, पाटा व आंतडीं स्वच्छ ठेवण्यांत आळस करूं नका. आणि आपला चोरीस वाळला तरी कच्चाच असतो. तो शिजविल्यावांचून खाऊं नये.

माझे वडील बोटीवर नोकरीस होते. दोन सफरींच्या मध्यें ते मुंबईस धोबीतलावच्या एका कुडींत उतरत. गांवाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पत्र्याच्या ट्रंकेंत कपड्यांखालीं चोरिसाची एक माळ असे, आणि ट्रंक उघडण्यापूर्वींच ती आल्याची वर्दी सबंध माळ्याला लागे. वडील सांगत कीं, कुडींत भांडणें पुष्कळ होत, पण माळ आली त्या रात्रीं कोणी भांडत नसे. पाव आणावयाचा, कांदा चिरावयाचा, आणि दोन मणी सहा जणांत पुरवावयाचे. भरपूर खाल्लेल्या मेजवान्या ते विसरले होते. हे दोन मणी मात्र विसरले नाहींत.

घरीं माळ करी ती आई. पावसाळ्याच्या बेगमीसाठीं मे महिन्यांत पुरुमेंताच्या फेस्ताला मडगांवांत खरेदी चाले. पण त्या वेळेपर्यंत आमच्या चुलीवर माळा लोंबत असत. मांस ती हातानेंच चिरी. यंत्रांत दळलेल्या मांसाला ती “दांत नसलेल्यांचा चोरीस” म्हणे. मीठ लावून तें दगडाखालीं दाबावयाचें, मग मिरची, लसूण, आलें, मिरीं, लवंग, दालचिनी व हळद सिरक्यांत वाटून त्यांत मुरत ठेवावयाचें. मुरलें कीं नाहीं हें ती वासावरून ठरवी. दोऱ्यानें बांधलेले छोटे मणी पाहून आम्हां मुलांना जपमाळ आठवे, आणि हें बोललें कीं धपाटा बसे. उपवासकाळांत त्या माळांकडे पाहणें हीच आमची तपश्चर्या होती. एक माळ मात्र दरवर्षीं शेजारच्या विधवेच्या घरीं जाई. तिच्याकडे चूल होती, पण डुक्कर घेण्याची ऐपत नव्हती. माळ देतांना आई म्हणे, “मीठ जास्त झालं का, तेवढं सांग.” दान घेतल्याचें त्या बाईला कधीं वाटूं दिलें नाहीं.

आईला प्रमाण विचारलें तर उत्तर एकच: “दोन मुठी.” कोणाच्या मुठी? तिचे हात कांपूं लागल्यावर मीं तराजू आणला आणि तिला पांच वेळां मीठ उचलावयास लावलें. पांचही वेळां वजन चाळीस ते पंचेचाळीस ग्रॅमच्या आंत आलें. ती चिडली, “माझी परीक्षा घेतोस?” म्हणाली, आणि सहावी मूठ आपणहून भरून दाखविली. तो आंकडा मीं वहींत लिहिला. सिरक्याचा लिहिला, मिरचीचा लिहिला. वासाचें काय लिहावें हें मात्र कळेना. “तिसऱ्या दिवशीं तिखटाआधीं आंबट वास येतो” एवढेंच तिच्या तोंडून उतरवून घेतलें. पुढच्या पावसाळ्यांत ती गेली.

आज आपल्या धर्मग्रामांत घरीं चोरीस करणारीं घरें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. विकतचा वाईट असतो असें मी म्हणणार नाहीं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारांतील कित्येक बायकांच्या माळांपुढें मी टोपी काढीन. पण त्या मिठाला त्यांच्या आईची मूठ असते, आपल्या आईची नव्हे. तेव्हां ज्यांच्या घरीं अजून ती मूठ आहे त्यांनीं या कोरड्या दिवसांतच तराजू घेऊन तिच्यापाशीं बसावें. शिव्या बसतील, त्या खाव्यात.

माझा भाचा कॅनडांत असतो. तिकडे येथून मांस नेतां येत नाहीं, म्हणून मीं त्याला वहीचीं पानेंच पाठविलीं. माडाचा सिरका त्याला कसाबसा मिळाला. ऊन मिळालें नाहीं. त्यानें माळ थंड कोठीच्या खोलींत टांगली. त्याचें पत्र आलें: मणी दगडासारखे झाले, रंग फिका आला, पण तिसऱ्या दिवशीं झांकण काढलें तेव्हां तिखटाआधीं आंबट वास आला, आणि त्याची धाकटी मुलगी स्वयंपाकघरांत येऊन विचारूं लागली, “कोण आलंय?”