कंपनीला हमी, आपल्याला हमाली

(युवक शिबिरात केलेले भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटी हमाल. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला इथं उभं केलंत, पण आज कविता म्हणणार नाही. आज एका पेटीबद्दल बोलायचंय.

पावसाळ्याआधी आमच्या टोळीनं परदेशी चाललेल्या लोखंडी सामानाच्या पेट्या जहाजात चढवल्या. पेटीवर ठळक रंगवलेलं, प्रोजेक्ट कार्गो. एक पेटी स्लिंगमधून सरकली नि माझ्या साथीदाराच्या पायाची तीन बोटं गेली. मुकादमानं त्याला टॅक्सीत घातलं, हजार रुपये हातावर ठेवले. संध्याकाळी कळलं, हजेरीबुकात त्या दिवशी त्याचं नावच नव्हतं. मी तिथल्या क्लार्कला विचारलं, पेटी फुटली असती तर? तो हसला. म्हणाला, पेटीला विमा असतो रे. आणि गिऱ्हाईकानं पैसे बुडवले तर सरकार बसलंय.

सरकार? रात्रभर झोप नाही. मग डिक्शनरी घेऊन वाचत बसलो.

निर्यातदाराचे पैसे बुडू नयेत म्हणून सरकारनं १९५७ साली खास विमा महामंडळ काढलं. आज त्याला ईसीजीसी म्हणतात. १९८२ साली एक्झिम बँक काढली. तिचं हपिस कफ परेडला, आमच्या गोदीपासून पायी जाता येईल एवढ्यावर. आपण पायी जातो कुठं, ते सोडा. ही बँक परदेशी सरकारांना कर्ज देते. मालदीवच्या मालेतला पूल घ्या. ४० कोटी डॉलर कर्ज, १० कोटी डॉलर अनुदान, आणि २०२१ साली कंत्राट मिळालं ते अॅफकॉन्स या मुंबईच्या कंपनीला. कर्ज त्या देशाच्या नावावर चढतं, पैसा इथल्या कंपनीच्या खात्यात उतरतो. फेड करायची ती तिकडच्या जनतेनं.

त्याहून पुढची गोष्ट २०१५-१६ सालची. सवलतीच्या कर्जाची योजना. परदेशातला मोठा प्रकल्प आपल्या कंपनीनं जिंकावा म्हणून एक्झिम बँक स्वस्तात कर्ज देणार, आणि बँकेला केंद्र सरकार दोन टक्के व्याज भरून देणार, वर हमी देणार. बुडलं तर तिजोरी भरणार. प्रकल्प परराष्ट्र खातं निवडून पाठवणार, तो 'मोक्याचा' की नाही ते अर्थ खात्याच्या सचिवाची समिती ठरवणार. कारण काय सांगितलं? चीन, जपान, युरोप, अमेरिका हेच करतात, आपण मागे राहतो. खोटं नाही ते. चिनी कर्जावर बांधलेलं श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या भाड्यानं चिनी कंपनीकडं गेलंच की. पण शेजारचा सावकार माजला म्हणून आपणही पाटी लावून सावकारीला बसायचं?

या योजनेतलं पहिलं मोठं कर्ज गेलं बांगलादेशात रामपालला. १३२० मेगावॉटचा कोळशाचा वीज प्रकल्प, १६० कोटी डॉलर कर्ज, बांधणारी बीएचईएल. मालकी निम्मी आपल्या एनटीपीसीची, निम्मी तिकडच्या वीज मंडळाची. कर्जाला बांगलादेश सरकारचीही हमी. म्हणजे एका कर्जाला दोन सरकारं जामीन! बीएचईएलच्या कामगारांना काम मिळालं, हे मी नाकारत नाही. तेही आपलेच भाऊ. पण जागा बघा. सुंदरबन तिथून साधारण १४ किलोमीटर. १८३४ एकर जमीन गेली, भाताची नि कोळंबीची. युनेस्कोनं २०१६ साली सांगितलं, दुसरीकडं न्या. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडानं २०१७ साली याच कारणावरून बीएचईएल वगळली. आपल्या जामीनदाराला घाम फुटला नाही.

कोळसा जहाजानं परदेशातून येतो, सुंदरबनातल्या नदीनं वर चढतो. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला संच रीतसर सुरू झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये कोळसा घ्यायला डॉलर नाहीत म्हणून बंद पडला. महिनाभर ठप्प. व्याजाचं चाक मात्र बंद पडत नसतं.

नदीचं मी गोदीवाला म्हणून सांगतो. ९ डिसेंबर २०१४ ला सुंदरबनातल्या शेला नदीत तेलाचं जहाज बुडालं. रामपालचं नव्हतं ते, पण पाणी त्याच जंगलाचं. तेल कुणी उपसलं? कोळ्यांनी, त्यांच्या बायकापोरांनी, हातानं, पातेल्यानं, फडक्यानं. तेल कंपनी लिटरमागं टाका मोजत होती. ते काळे हात फोटोत बघितले नि मला माझे हात आठवले.

आणखी एक. रामपाल तेव्हाच्या खुलना जिल्ह्यातलं. हा नमःशूद्रांचा मुलूख. १९४६ साली मुंबईतून दारं बंद झाली तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल उभे राहिले नि बाबासाहेब संविधान सभेत गेले ते बंगालमधून. त्या मुलखाचं आपण देणं लागतो. आणि आपल्या नावानं, आपल्या तिजोरीच्या जिवावर तिथं गेलं काय? कोळशाची राख.

कुणी म्हणेल, ह्या हमालाला जागतिक अर्थकारणातलं काय कळतं? बरोबर. मला एवढंच कळतं की हमी हा कागद असतो आणि तो लिहिता येतो. डॉलरसाठी लिहिला. मग त्याच कागदावर पेटी उचलणाऱ्याच्या बोटांसाठी एक ओळ का नाही? जिची जमीन जाते तिची संमती घेण्याची ओळ का नाही? ती ओळ नसेल तर कर्ज मंजूर करू नका, ही मागणी आपण कफ परेडच्या त्या हपिसाच्या दारात जाऊन का करू नये?

साथीदार अजून लंगडतोय. सोमवारी सकाळी सातला त्याच्यासोबत हजेरीबुक बघायला मी मुकादमाकडं चाललोय. गेटाबाहेर चहाच्या टपरीपाशी थांबतो. कोण कोण येतंय, हात वर करा.

जय भीम.