वाटेत बिबट्या भेटला तर

शहापूरहून डोळखांबकडे निघालात की वाटेत शेणवा लागतो. रस्त्याकडेला चहाची टपरी, भाताची खाचरं आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीच्या पायथ्याशी डेहणे गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर आजोबाचा डोंगर. वाल्मीकींचा आश्रम आणि सीतेचा पाळणा इथलाच, अशी लोकांची श्रद्धा आहे. दर हिवाळ्यात मी कॉलेजातली काही मुलं घेऊन या डोंगरावर जातो. पण आज तुमच्याशी बोलायचं आहे ते डोंगराविषयी नाही, तिथल्या एका रहिवाशाविषयी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आश्रमापाशी मुलं रमली आणि उतरायला उशीर झाला. चूक माझीच, घड्याळ माझ्याच हातात होतं. रानात अंधारू लागलं होतं. आमच्याबरोबर डेहण्याचे एक वृद्ध ठाकर वाटाड्या म्हणून होते. मुलं त्यांना बाबा म्हणत. सर्वांत मागे राहिलेला मुलगा बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि त्याच्यापासून तीसेक पावलांवर, कारवीच्या झुडपांतून बिबट्या बाहेर आला.

आला आणि थांबला. गुरगुरला नाही, की दात दाखवले नाहीत. नुसता पाहत राहिला. मी मात्र धोंडा उचलला होता. बाबांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, “मास्तर, धोंडा खाली टाका. पोराला उभं राहायला सांगा. कुणी पळायचं नाही.” मुलगा उभा राहिला. आम्ही तोंड त्याच्याकडेच ठेवून, एकमेकांना चिकटून, बोलत बोलत मागे सरकलो. बाबा तर त्याच्याशीच बोलत होते, शेजाऱ्याशी बोलावं तसे. दोनएक मिनिटांनी बिबट्या वाट ओलांडून खालच्या ओढ्याकडे निघून गेला.

पुढे मी या विषयावरचं मिळेल ते वाचलं, तेव्हा बाबांच्या प्रत्येक शब्दाला आधार सापडला. बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य चार पायांचं: भेकर, वानर, ससा, गावाजवळ कुत्रं आणि शेळी. सरळ उभा माणूस त्याच्या ओळखीच्या भक्ष्यासारखा दिसत नाही. वाकलेला, बसलेला माणूस किंवा लहान मूल तसं दिसू शकतं. आणि पळणाऱ्याच्या मागे धावणं हा मांजराच्या जातीचा स्वभावच. तुमच्या घरच्या मांजरापुढे दोरी ओढून पाहा, म्हणजे पटेल. दूर अमेरिकेच्या डोंगरांत कुगर नावाचा मोठा मार्जार आहे. तिथल्या गिर्यारोहकांनाही हेच शिकवतात: पळू नका, वाकू नका, मुलांना जवळ घ्या, हात वर करून मोठे दिसा, आणि त्याला निसटायला वाट ठेवा. प्राणी निराळा, खंड निराळा, शहाणपण तेच.

परतताना शेणव्याला चहा घेतला. एक मुलगा म्हणाला, “सर, पिंजरा लावायला सांगू या. दुसरीकडे नेऊन सोडतील.” मलाही त्या क्षणी ते रास्त वाटलं. पण आता वाटत नाही. का, ते सांगतो.

२००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात माग सांगणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. वयस्क वाटला म्हणून विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. आमच्या डोंगराशी या नावाचा संबंध नाही. हा आजोबा तिथं थांबलाच नाही. मुरबाड-शहापूरच्या मुलखातून, कसाऱ्याजवळ रेल्वे आणि आग्रा रस्ता ओलांडून, खाडी पार करून तो महिन्याभरात मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचला. सुमारे सव्वाशे किलोमीटरची चाल! वाटेत किती गावं, किती अंगणं लागली असतील? पण माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११च्या अखेरीस महामार्गावर एका वाहनाच्या धडकेनं तो मेला. माणसानं त्याला मारलं. त्यानं माणसाला नाही.

म्हणजे एका रानातून उचलून दुसऱ्या रानात सोडलेला बिबट्या तिथं राहीलच असं नाही. घाटापलीकडे जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. त्याआधी धरलेले बिबटे इकडून तिकडे नेऊन सोडले जात होते. अनोळखी मुलखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर अधिक धोक्याचं ठरतं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. उलट अकोल्याच्या खोऱ्यात, ऊस आणि वस्ती यांच्या मधोमध, शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आढळले. तिथले लोक त्यांच्या शेजारी राहतच होते.

आता कुणी म्हणेल, शहरातल्या मास्तरांचं काय जातं! बरोबर आहे. ज्या घरातलं मूल बिबट्यानं नेलं, त्या घरापुढे माझे आकडे मी वाचणार नाही. माणूस मारणाऱ्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे, आणि तो वनखात्यानं करायचा. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा, हे चालायचं नाही. आपली हौस एका दिवसाची. परिणाम भोगतात ते तिथं राहणारे.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, “तुम्हांला भीती नाही वाटत?”

“वाटते की,” ते म्हणाले. “म्हणून तर दिवे लागायच्या आत शेरडं घरात घेतो. पोरं एकटी सोडत नाही. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाय टाकत नाही.”

या मुलखात वाघोबाचं ठाणं असतं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नारळ वाढवतात. मला वाटायचं, ही नुसती भाबडी भीती. आता वाटतं, हा शेजाऱ्याशी केलेला करार आहे: तू तुझ्या वाटेनं, आम्ही आमच्या. तुम्हीही त्या रानात गेलात, तर सूर्य मावळण्याआधी उतरा, सर्वांत लहान मुलाला मधे ठेवा, आणि वाटेत तो भेटलाच, तर हातातला धोंडा खाली टाका.