शंभरात एक

आज एका सर्जनची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी एक करा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर आली? ते पामारिस लाँगस नावाच्या स्नायूचं टेंडन. काहींना ती दिसणार नाही. घाबरू नका, कित्येकांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही. अशा या नसली तरी चालणाऱ्या दोरीनं डॉ. फ्रँक जोब यांनी क्रीडावैद्यकाचा इतिहास बदलला.

जोब अमेरिकेतले. दुसऱ्या महायुद्धात ते १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये वैद्यकीय सामान पुरवणारे सार्जंट होते. गोळीबार चालू असताना जखमींवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्यांनी जवळून पाहिले आणि आपणही डॉक्टर व्हायचं ठरवलं. पुढे ते अस्थिरोगतज्ज्ञ झाले आणि लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे खेळाडू त्यांच्याकडे येऊ लागले.

१७ जुलै १९७४. डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरातलं लिगामेंट सामन्यातच तुटलं. पिचर म्हणजे ढोबळमानानं आपला गोलंदाज. फरक इतकाच, की क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. पिचरला तसं बंधन नाही, त्यामुळे प्रत्येक फेकीचा ताण कोपराच्या आतल्या बाजूला बसतो. तिथलं लिगामेंट तुटलं की कारकीर्द संपली, असंच तोवर समजलं जाई. टॉमी तेव्हा ३१ वर्षांचा होता.

जोब यांनी आधी विश्रांती देऊन पाहिली. उपयोग झाला नाही. मग त्यांनी वेगळा विचार केला. एका जागचं टेंडन दुसरीकडे वापरणं हाताच्या शस्त्रक्रियांत रुळलेलं होतं. तेच कोपरात केलं तर? २५ सप्टेंबरला त्यांनी टॉमीच्या उजव्या हातातलं टेंडन काढलं, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ते त्यांतून ओवलं. टॉमीला आधीच स्पष्ट सांगितलं होतं: पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक.

पुढचं सोपं नव्हतं. नसेला त्रास झाला, हाताची बोटं नीट चालेनात, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा अख्खा हंगाम टॉमी खेळला नाही. फक्त व्यायाम. १९७६ मध्ये तो मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या नावावर २८८ विजय आहेत. त्यातले १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे!

आता मला जोब यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. एवढं यश मिळूनही त्यांनी लगेच रांग लावली नाही. सुरुवातीची काही वर्षं हात राखूनच काम केलं. १९८६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह १६ खेळाडूंचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १० जण पूर्वीच्या पातळीवर परतले होते. उरलेल्या सहा जणांचं काय झालं, तेही त्यांनी लिहिलं.

हे आज का सांगतोय? मी स्वतः ऑर्थोपेडिक सर्जन आहे. माझ्याकडे पालक एमआरआय घेऊन येतात. चौदा-पंधरा वर्षांचं पोर, गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं. पहिला प्रश्न, "डॉक्टर, ऑपरेशन केलं की पुढच्या स्पर्धेपर्यंत होईल ना?" नाही होणार. मोठ्यांनाही मैदानावर परतायला साधारण नऊ महिने तरी लागतात, वाढत्या वयातल्या मुलांना आणखी जपावं लागतं. माझं काम दोन तासांचं असतं. त्यानंतरचे महिने त्या पोराचे, फिजिओथेरपिस्टचे आणि तुमच्या धीराचे.

उलट गैरसमजही आहे. अमेरिकेत काही पालकांना वाटतं, टॉमी जॉन शस्त्रक्रियेनं चेंडूचा वेग वाढतो. तसं नाही. शस्त्रक्रिया तुटलेलं सांधते, प्रतिभा वाढवत नाही. आणि दुखत असताना थांबणं ही तर सगळ्यात स्वस्त शस्त्रक्रिया!

म्हणून ऑपरेशनला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा, "शंभरात किती?" आणि उत्तर मुलालाही ऐकू द्या. टॉमीला ते आधी कळलं होतं. म्हणूनच त्या वर्षभराच्या कंटाळवाण्या व्यायामाला तो तयार होता.