घामाचा हिशेब



पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं. पण हरियाणातल्या त्याच पानिपत शहरात शिवाजी स्टेडियम आहे, आणि जवळच्या खांद्रा गावच्या नीरज चोप्रानं पहिल्यांदा भाला हाती धरला तो तिथंच. दूधतुपावर पोसलेलं गुटगुटीत पोर. वजन उतरावं म्हणून घरच्यांनी मैदानावर धाडलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ८७.५८ मीटरवर भाला टाकून त्यानं सुवर्णपदक आणलं.

अशा मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलामुलींनी प्यावं काय, हा आजचा विषय.

मे-जूनमध्ये तिकडे पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात जोरात सराव केला, तर तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि त्याबरोबर मीठही. सत्तर किलोच्या खेळाडूचं वजन दीड किलोनं उतरलं, की नाडी जलद चालते, पाय जड होतात, नेम चुकायला लागतो. म्हणून सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, काट्यावर उभं राहावं. एक किलो उतरलं, तर पुढच्या काही तासांत सव्वा लिटर तरी घोट घोट पोटात जायला हवं.

प्यायचं काय? तासाभराच्या आतला सराव असेल, तर साधं पाणी पुरतं. त्याहून लांबला, तर मीठ आणि थोडी साखर लागते. दुकानातल्या रंगीत बाटलीत मुख्यतः हेच असतं. चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत ते काम चोख करतं. हरियाणाच्या खेड्यात लस्सी मागितली, तर बहुधा पातळ ताकच पुढ्यात येतं. मीठ घालून सराव संपल्यावर ते उत्तम. दाट, गोड लस्सी पिऊन मात्र धावायला जाऊ नये. ती पोटात डुचमळते. दूधही नंतरच.

उलटा अतिरेकही घातक. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं, हे त्यामागचं मोठं कारण.

आता पैलवानांविषयी. हरियाणाचे आखाडे असोत की कोल्हापूरच्या तालमी, वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडायची सवय दोन्हीकडे आढळते. पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाटची अंतिम कुस्ती शंभर ग्रॅमनं हुकली, तेव्हा सारा देश हळहळला. पण १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेजकुमार पैलवान अशाच घाईनं वजन उतरवताना दगावले, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपल्याकडे वस्तादांनीच एवढं पाळावं: वाढत्या वयाच्या मुलाचं पाणी तोडून त्याला खालच्या गटात खेळवू नये. तो ज्या वजनाचा आहे, त्याच गटात त्याला तयार करावं.