काशीकरांचे न्यायासन



यंत्रमागांच्या खडखडाटात ज्या गावाचे दिवस आणि रात्री एकमेकांत मिसळून जातात, त्या भिवंडीतून आज मी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकासंबंधी बोलणार आहे. 1967 साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली, हे नाट्यरसिकांस सांगावयास नको, परंतु पात्रे मुंबईची असूनही हे नाटक घडते मात्र आमच्यासारख्या परगावच्या एका सभागृहात, ही गोष्ट मला विशेष वाटते.

एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी तेथे येते, आणि रात्रीपर्यंतचा वेळ जावा व सामंत नावाच्या गावकऱ्याला कोर्टाची रीत कळावी, एवढ्याच निमित्ताने आपल्यातल्याच, शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंना लटकेच आरोपी ठरवून त्यांच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते. आपण हसतो. न्यायाधीश काशीकर आसनावरून उतरून स्वतःच जबानी देऊ लागतात, सुखात्मे वकील फिर्यादीची आणि बचावाची अशा दोन्ही बाजू एकटेच चालवितात, आणि ही कायद्याची थट्टा आहे असे समजून आपण निर्धास्त बसलेलो असताना एका अविवाहित, मिळवत्या, मोकळेपणाने हसणाऱ्या स्त्रीचे सारे खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडले जाते. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या ‘शारदे’च्या प्रेक्षकास म्हाताऱ्या नवरदेवाचा, भुजंगनाथाचा, तिटकारा करून नामानिराळे राहता येत होते, तेंडुलकर ती सोय ठेवीत नाहीत, कारण आपले हसणेही त्या साक्षीपुराव्यात दाखल झालेले असते.

मला अधिक अस्वस्थ करतात त्या सौ. काशीकर. ज्यांना पती चारचौघांत क्षणोक्षणी गप्प बसवितो, त्याच बेणारेवर तुटून पडण्यात कोणाही पुरुषाच्या मागे राहत नाहीत. नवऱ्याने नाकारलेला अधिकार त्या दुसऱ्या स्त्रीवर गाजवून घेतात. पुरुषसत्तेचा कारभार केवळ पुरुषांच्या बळावर चालत नाही, हे इतक्या थंडपणे दाखविणारे दुसरे पात्र मराठी रंगभूमीवर मला तरी चटकन आठवत नाही. अखेरीस ज्या गुन्ह्याबद्दल मुकदमा चालला, तोच करण्याचा, बेणारेच्या पोटातील मूल नष्ट करण्याचा, हुकूम न्यायासनावरून सुटतो. आणि ज्या प्राध्यापक दामल्यांचे हे मूल, ते रंगमंचावर येतच नाहीत, त्यांस आरोपी करावे असे त्या कोर्टात कोणास सुचतही नाही.

हे सारे मुंबईच्या पांढरपेशांचे दुखणे, आम्हां कष्टकऱ्यांच्या गावास त्याचे काय, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो मान्य नाही. आमच्याकडे मागावर बहुधा पुरुष आणि कांड्या भरावयास बाई अशी वाटणी असते. त्या बाईची कमाई घराला हवी असते, आणि ती कमावती म्हणूनच तिच्या येण्याजाण्यावर आळीची नजरही असते. बेणारेची नोकरी घालविण्यासाठी निदान संस्थाचालकांना निर्णय तरी घ्यावा लागतो. कांड्या भरणारीला घरी बसवावयास मुकादमाचा एक शब्द पुरतो. तिच्यासाठी कोर्टाचे सोंग आणण्याची तसदीही कोणी घेत नाही.